कॅज्युअल्टीच्या दारात सहा प्रश्न

रात्रीचे साडेअकरा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना मुलगा रिक्षातून घेऊन आलेला असतो. ‘मोरीत पाय घसरला,’ एवढंच तो सांगतो. एक्स-रेत हाड शाबूत. बीपीचा वरचा आकडा १०४, नाडी ठीक, ताप नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन, गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘घरी न्या, वयोमानानं होतं असं’ हा दिलासा. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॅज्युअल्टींना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ड्युटीवरच्या डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही. शेजारच्या खाटेवर अपघाताची केस असते, दारात विष घेतलेला पेशंट असतो. जो ओरडतो त्याच्याकडे आधी धावावं लागतं, आणि म्हातारी माणसं फारशी ओरडत नाहीत.

पण आजींचं रोजचं बीपी १५० असेल तर १०४ हा आकडा धोक्याचा आहे. अमेरिकेत अपघातग्रस्तांसाठी २०२१ साली सुधारलेल्या निकषांत दहा ते चौसष्ट वयाच्या माणसांसाठी धोक्याची रेघ ९० वर आहे. पासष्टीपुढे ती ११० वर नेली आहे. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. न्यूमोनिया ताप न येता होतो. हार्ट अटॅक छातीत न दुखता, नुसत्या दमानं किंवा भ्रमिष्टपणानं प्रकट होतो. त्यामुळे ‘पाय घसरला’ हे कारण असेलच असं नाही. तो कित्येकदा परिणाम असतो.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये जेन मॅककस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली यावर एक साधी युक्ती मांडली. पासष्टीपुढचा रुग्ण आला की सहा प्रश्न विचारायचे. आजारापूर्वी रोज कुणाची मदत लागायची का? आता ती जास्त लागते का? गेल्या सहा महिन्यांत इस्पितळात राहावं लागलं का? नीट दिसतं का? स्मरणशक्तीची गंभीर तक्रार आहे का? रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का? दोन किंवा अधिक उत्तरं काळजीची आली, तर हा रुग्ण जपायचा. ना यंत्र, ना रक्ततपासणी. सिस्टर केसपेपर भरता भरता हे विचारू शकतात.

नुसत्या प्रश्नांनी मात्र काही साधत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. या प्रश्नावलीचं भाकीत अनेकदा चुकतं. तिचा उपयोग पुढच्या पावलात आहे. माँट्रियलच्याच चार रुग्णालयांत ३८८ रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रश्नांत धोक्याचा ठरलेला रुग्ण तिथे नर्सनं सविस्तर तपासला, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला कळवलं, गरजेप्रमाणे घरपोच सेवेशी जोडून दिलं. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हा अशा रुग्णांत परावलंबी होण्याचं प्रमाण कमी होतं. आंघोळ स्वतःची स्वतः करता येणं, देवळापर्यंत चालत जाता येणं, याची किंमत सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारावी.

सगळ्यात जास्त निसटतो तो अचानक आलेला भ्रम. ‘कालपासून आई काहीतरीच बोलतेय’ हे वाक्य विसरभोळेपणाच्या खाती टाकलं जातं. खरं तर तो लघवीतला जंतुसंसर्ग, घटलेलं सोडियम किंवा नव्या गोळीचा दुष्परिणाम असू शकतो. यासाठी एडिंबरात ‘फोर एटी’ नावाची काही मिनिटांची चाचणी तयार झाली. तीत वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारतात आणि महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावतात. ती आपल्याकडे जशीच्या तशी उचलली तर पंचाईत होईल. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून लिहिला, तीच जन्मतारीख घेऊन एक अख्खी पिढी म्हातारी झाली. डिसेंबर-नोव्हेंबर न जाणणारी आजी शुद्धीत असेल तर फाल्गुन, माघ, पौष असं मागं मागं येऊ शकते. मराठी महिन्यांची, मराठी माणसाच्या सवयीची चाचणी राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तपासून घ्यावी आणि वापरात आणावी. त्याला मोठा निधी लागत नाही.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटीहून अधिक होते. त्यांच्यासाठी काहीच नाही असं नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सरकारी रुग्णालयात वेगळी रांग आणि शक्य तिथे खाट देण्यास सांगतो. केंद्राच्या ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेचं कवच आहे. पण रांग ओपीडीत आहे आणि वॉर्ड वरच्या मजल्यावर. मध्यरात्री आलेली आजी कॅज्युअल्टीच्या दारातूनच परत फिरली, तर या दोन्हींचा तिला काय उपयोग? आरोग्य खात्यानं साठीपुढच्या रुग्णाच्या केसपेपरवर सहा प्रश्नांची चौकट छापावी आणि दुसऱ्या दिवशी घरी फोन करण्याची जबाबदारी एका ठरावीक सिस्टरकडे सोपवावी.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. आई-वडिलांच्या औषधांची यादी आणि त्यांचं नेहमीचं बीपी एका कागदावर लिहून दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवावं. आणि कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर ‘पडल्या’ एवढंच सांगून थांबू नये. गेल्या आठवड्यापर्यंत त्या स्वतः काय काय करत होत्या आणि आज काय जमत नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं.