सातव्या फ्रेमवरचे चाचा

‘सर, दाखवा की फोटो!’ नळदुर्गच्या किल्ल्यात सातवीच्या पोरांनी मला घेरलं. मी म्हणालो, ‘यात लगेच दिसत नाही रे.’ एकाने कॅमेरा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागे स्क्रीन शोधली आणि जाहीर करून टाकलं, ‘सरांचा कॅमेरा बिघडलाय.’

कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो अब्बांचा आग्फा क्लिक थ्री होता, वडोद्यात बनलेला. माझ्या लहानपणी ईदला तो पेटीतून बाहेर निघायचा. एका रोलवर बारा फोटो. त्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची फिल्म बनायची. पुढे तो कारखाना बंद पडला. आता फिल्म परदेशातून येते आणि भावही तसाच लावते.

अब्बा गेल्यानंतर पेटी आवरताना कॅमेरा सापडला आणि मला हे वेड लागलं. बायको त्याला वेडच म्हणते आणि तिचा हिशेब चुकीचा नाही. रोल, रसायनं, स्कॅन, कुरियर धरून मला एका रोलला दीड हजाराच्या आसपास खर्च येतो. म्हणजे एका फोटोला सव्वाशे रुपये, आणि त्यातले निम्मे तरी वाया. कधी कॅमेऱ्याच्या सांध्यातून उजेड शिरतो आणि फोटोवर पांढरा पट्टा उमटतो. लेन्सला बुरशी लागलेली आहे, ती साफ करणारा कारागीर जवळपास नाही. आमच्या गावात फिल्म धुऊन देणारंही कोणी उरलं नाही. जुने स्टुडिओ आहेत, पण ते आता पासपोर्टचे फोटो आणि लग्नाचे अल्बम करतात.

म्हणून मी घरीच न्हाणीत फिल्म धुतो. आणि इथे आपला जिल्हा आडवा येतो. रसायनाच्या पाकिटावर तापमान २० अंश लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी नळातूनच गरम येतं. मग बादलीत बर्फ टाकून, त्यात रसायनाच्या बाटल्या ठेवून बसायचं. नंतर फिल्म धुवायला भरपूर पाणी हवं, असं पुस्तकात असतं. टँकरची वाट बघणाऱ्या घरात नळ सोडून कसं बसणार? सुदैवाने एक काटकसरीची रीत आहे. डबीत पाणी भरून पाच वेळा उलटीपालटी करायची, पाणी ओतून द्यायचं. नव्या पाण्यात दहा वेळा, मग पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा. तीन डब्या पाण्यात काम होतं. त्यातूनही बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून फिल्मवर पांढरे ठिपके राहतातच.

मग आनंद कुठे आहे? तो त्या न्हाणीतच आहे. डबीचं झाकण उघडून ओली फिल्म उजेडाकडे धरली की काळं पांढरं झालेलं, पांढरं काळं झालेलं, एवढंसं गाव त्यात दिसतं. एवढी वर्षं झाली तरी त्या क्षणी माझा श्वास अडकतो. दुसरा आनंद वर्गातला. खिडक्या पुठ्ठ्याने बंद करून एकाला बारीक छिद्र पाडलं की बाहेरचं कडुलिंबाचं झाड समोरच्या भिंतीवर उलटं उतरतं. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैसम अंधाऱ्या खोलीतल्या अशाच उजेडाचे प्रयोग करत होते, हे मी मुलांना तेव्हा सांगतो. आणि भाषेचा मास्तर असल्याने हेही सांगतो की आपला ‘कमरा’ आणि हा ‘कॅमेरा’ मुळात एकच शब्द आहे.

इथपर्यंतचं सगळं गोड आहे. जुन्या कॅमेऱ्यांवर लिहिणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. फिल्म सब्र शिकवते, मोबाईलने फोटोची किंमत घालवली, वगैरे. मीही असंच बोलायचो. ते बोलणं माझं मला खोटं वाटू लागलं, ते नळदुर्गच्या त्याच रोलमुळे.

पावसाळा होता, बोरी नदी भरून वाहत होती. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांधलेल्या पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. सातवा फोटो मी पाणीमहालाचा घेतला. या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर फिल्म आपल्या हाताने पुढे सरकवावी लागते. विसरलात तर कॅमेरा अडवत नाही, त्याच जागेवर दुसरा फोटो घेऊ देतो. कितवी फ्रेम आहे ते मागच्या लाल काचेतून दिसतं. पण लाल उजेडाने जुन्या फिल्मचं जे बिघडत नव्हतं, ते आजच्या फिल्मचं बिघडतं, म्हणून मी त्या काचेवर काळी पट्टी चिकटवलेली. त्यामुळे आकडा बघायची सवयच सुटली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पिंजारी चाचांच्या दारात गेलो. गाद्या-रजया पिंजण्यात आयुष्य गेलेला माणूस. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांचा फोटो नव्हता. तस्वीर नको, असं त्यांचं मत होतं. आपल्याकडे यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. काहींच्या मते कॅमेऱ्यातली छबी आरशातल्या प्रतिबिंबासारखी, काहींना तीही मान्य नाही. मी कधी वाद घातला नाही. पण त्या दिवशी चाचा स्वतःच पिंजण घेऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, ‘मास्टर, एकच काढ. मगर अच्छा काढ.’

मी एकच काढला, पाणीमहालाच्याच फ्रेमवर. फिल्म धुतल्यावर बघतो तर चाचांच्या चेहऱ्यावर धबधबा कोसळतोय आणि कपाळावर कमान आहे. रमजानच्या आधी चाचा गेले. त्यांचा मुलगा फोटो मागायला आला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, ‘दुसरा नहीं क्या?’

छंदाच्या एका मित्राला तो फोटो दाखवला तर तो म्हणाला, वा, काय कलाकृती झालीय! मला लाज वाटली. हौस माझी होती, चूक माझी होती आणि नुकसान त्यांचं झालं.

आपला हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाने आपले दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे तस्वीर घडवणारा. दरबाराचे, महालांचे, शिकारीचे सुंदर फोटो त्यामुळे आज आपल्याकडे आहेत. पण त्याच राज्यातल्या पिंजाऱ्यांचे, विणकरांचे फोटो कोण काढणार होतं? माझ्या दादीचा एकही फोटो नाही. अम्मीचा एक आहे, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. म्हणून फिल्मचा तो काळ सोन्याचा होता, असं कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही. ज्याच्या खिशात पैसे होते त्याच्यासाठी तो सोन्याचा होता. गरिबाच्या घरात पहिल्यांदा मनसोक्त फोटो आले ते मोबाईलमुळेच.

मी छंद सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण आता एक नियम केला आहे आणि जुने कॅमेरे वापरणाऱ्या सगळ्यांनी तो पाळावा असं माझं मत आहे. किल्ला, झाड, स्वतःची मुलं यांच्यावर खुशाल प्रयोग करा. ती पुन्हा भेटतील. पण समोरचा माणूस तुमच्याकडे एकच फोटो मागत असेल, तर आधी मोबाईलने काढा, कागदावर छापून त्याच्या हातात द्या, आणि मगच तुमची जुनी पेटी उघडा. बिघडण्याची जोखीम हा आपल्या छंदाचा आनंद असेल, तर ती आपल्या खर्चाने घ्यावी, दुसऱ्याच्या नाही.

या ईदला नमाजनंतर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं. मोबाईलने फोटो घेतले, संध्याकाळी स्टुडिओतून छापून आणले, घरोघर वाटले. त्यानंतर क्लिक काढला आणि काळी पट्टी उचलून आधी आकडा बघितला.