न मागता आलेला पॅच उघडू नका, आणि पाठवूही नका



या आठवड्याच्या व्हिडिओत सॉफ्टवेअर अपडेटबद्दल बोललो. वेळेअभावी एक मुद्दा अर्धा राहिला, तो इथे पूर्ण करतो. तुम्ही धंदा कुठलाही करा, हा तुमच्या कामाचा आहे.

२०२५ चा सप्टेंबर आठवतोय? ३ तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला आणि २२ तारखेपासून नवे दर लागू. माझं खडकी बाजारात स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेन्सिली, शार्पनर १२ टक्क्यांवरून थेट शून्यावर, खोडरबर ५ वरून शून्यावर. म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरमधले शेकडो आयटम बदलायचे आणि हातात दिवस मोजके. अशात एका दुपारी मेल आला. विषय, ‘नवीन जीएसटी दर पॅच’. सोबत एक झिप फाइल, आणि ‘२२ तारखेच्या आत टाका, नाहीतर बिल निघणार नाही’ अशी तंबी.

दुकानातला मुलगा फाइल उघडायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांना फोन लावला. उत्तर काय आलं माहितीये? “आमच्याकडूनच असेल बहुतेक. थांबा, बघून सांगतो.” दोन तासांनी फोन आला, “सर, तो आमचा नाही. उघडू नका.”

मी वाचलो. पण मला खटकतं ते वेगळंच. सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाच आपला मेल कुठला आणि चोराचा कुठला हे कळायला दोन तास लागले. कारण ते स्वतःसुद्धा अशाच फाइली मेलवर आणि व्हॉट्सॲपवर पाठवत होते. ग्राहकाला सवय त्यांनीच लावली होती. चोराने फक्त त्या सवयीचा फायदा घेतला.

आता थोडं मागे जाऊ. मेलवरून सॉफ्टवेअर पाठवणं ही काही आजची गोष्ट नाही. १९८५ साली अमेरिकेत जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस या दोघांनी ‘नेटलिब’ नावाची सोय सुरू केली. गणिताचे प्रोग्रॅम लोकांना मेलवरून फुकट मिळायचे. पद्धत एकदम साधी. ठरलेल्या पत्त्यावर मेल टाकायचा आणि आत फक्त दोन शब्द लिहायचे, ‘सेंड इंडेक्स’. मेल कुणी माणूस वाचत नसे. मशीनच वाचायचं आणि यादी परत पाठवायचं. मग यादीतला हवा तो प्रोग्रॅम नाव लिहून मागवायचा, की तो उलट मेलने हजर. रात्री दोनला मागा, सुट्टीच्या दिवशी मागा. त्या काळी कितीतरी ठिकाणी फक्त मेल पोचायचा, बाकी काही नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्प सुरू झाला, तो संशोधन संस्थांपुरता. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलमुळे. म्हणून मेलवर मागवायची ही युक्ती फार मोलाची होती.

या पद्धतीत एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवात ग्राहक करायचा. त्याने मागितलं तरच माल यायचा. न मागता दारात काही पडलं, तर ते आपलं नाही हे उघड होतं. मेलवरचं पाठवणाऱ्याचं नाव तेव्हाही खोटं टाकता यायचं, हे मान्य. पण ‘मी मागितलं होतं का?’ हा एक प्रश्न तुमच्या हातात होता. आज आपण तोच प्रश्न विचारायचं सोडून दिलंय. आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, बँकेची केवायसी अशा नावांच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. कारण तेच. न मागता आलं, आणि उघडलं.

काही जण म्हणतील, मग अपडेटच नको. असं अजिबात करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने आधी! ज्यांनी टाकला नाही ते अडकले. म्हणून विंडोज आणि मोबाइलचे अपडेट ऑटोमॅटिक चालू ठेवा. तिथे तुम्ही एकदा सेटिंगमधून ‘मला पाठवत जा’ असं सांगून ठेवलेलं असतं आणि माल थेट कंपनीकडून येतो.

तरी शंभर टक्के खात्री कुणाचीच नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या खऱ्याखुऱ्या अपडेटमध्येच चोरांनी नॉटपेट्या नावाचा व्हायरस घुसवला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. कुठे युक्रेनचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, कुठे उरणचे कंटेनर! म्हणून पॅच खरा असला तरी आधी बॅकअप घ्यायचा. पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून गल्ल्यात ठेवा. तो कॉम्प्युटरलाच लावून ठेवलात, तर व्हायरस त्यालाही धरतो.

दुकानदार म्हणून माझे नियम सांगतो. मेल किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पॅचची फाइल उघडायची नाही, ओळखीच्या माणसाची असली तरी. सॉफ्टवेअरच्या आतल्या मेनूतून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून अपडेट घ्यायचा. मेलमधल्या नंबरवर फोन लावायचा नाही, जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर लावायचा. अपडेट रात्री दुकान बंद करताना घ्यायचा, शनिवारी संध्याकाळी गर्दीत नाही. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा.

आता तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअर विकणार आहेत, ॲप बनवून देणार आहेत, कॉम्प्युटर दुरुस्ती करणार आहेत, त्यांच्याशी थेट बोलतो. ग्राहकाला फाइल पाठवू नका. पहिल्याच दिवशी बिलावर छापा, ‘आम्ही मेल किंवा व्हॉट्सॲपवर कधीही फाइल पाठवत नाही.’ नवीन व्हर्जन आलं की फक्त निरोप द्या. व्हर्जनचा नंबर, तारीख, काय बदललं आणि मेनूत कुठे सापडेल. बस.

आणि नेटलिबसारखी सोय तुम्ही आजही फुकटात करू शकता. जीमेलमध्ये टेम्प्लेट चालू करा, उत्तर लिहून ठेवा आणि एक फिल्टर लावा. ग्राहकाने विषयात ‘अपडेट’ लिहून मेल टाकला, की तेच उत्तर आपोआप जाईल. स्टेशनरीवाला असाल तर शब्द ‘यादी’ ठेवा आणि उत्तरात रेट लिहा. मशीनला काम द्या, पण मागणी ग्राहकाकडून येऊ द्या.

“सर, एवढं कोण करतं? फाइल टाकली की पाच मिनिटांत काम होतं,” असं मला क्लासमध्ये नेहमी ऐकवतात. बरोबर आहे, पाच मिनिटं वाचतात. पण उद्या तुमच्या नावाने कुणीतरी फाइल पाठवेल आणि ग्राहक ती डोळे झाकून उघडेल. त्याचा डेटा जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील. नवीन धंद्यात आपल्याकडे भांडवल थोडंच असतं, त्यात सगळ्यात महागडा ऐवज म्हणजे ग्राहकाचा विश्वास. तो पाच मिनिटांसाठी घालवू नका.

आजच एक काम करा. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा शेवटचा बॅकअप कधी घेतला, ते बघा. तारीख आठवत नसेल तर व्हिडिओ नंतर बघा, आधी बॅकअप घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात.