पडद्यावरच्या शाळेला शाळा म्हणू नका



जून २०२० मध्ये आपल्याकडील ज्या बालकाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, त्याला आपला वर्ग आतून पाहावयास मिळाला तो १ डिसेंबर २०२१ रोजी. तोवर ते दुसरीत जाऊन बसले होते. मार्च २०२० पासून सुमारे वीस महिने खेड्यापाड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग बंद राहिले. महामारीत शाळा बंद ठेवल्या म्हणून सरकारला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. जीव वाचविणे हेच तेव्हा पहिले कर्तव्य होते. आमचा आक्षेप आहे तो त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी बसलेल्या एका वाक्यास. शाळा बंद असली तरी शिक्षण चालू आहे, असे ते वाक्य. महाड व पोलादपूर तालुक्यांतील दहा वर्षांखालील बहुसंख्य गरीब मुलांच्या बाबतीत ते खरे नव्हते. ते खरे मानण्याची सवय अजून गेलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वर्षाची हकीकत आठवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यास झोडपले. विजेचे खांब उन्मळून पडले. कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. अशा काळोखात मुलांनी घरी बसून मोबाइलवर शिकावे असे ठरले. घरात मोबाइल एक. तो सकाळी बापाच्या खिशातून औद्योगिक वसाहतीत कामावर जाई आणि रात्री परत येई. गुरुजींनी सकाळी पाठविलेला अभ्यास मुलाने पाहावयाचा तो डोळ्यांवर झोप आल्यावर. डोंगरातल्या वाडीत तर रेंज मिळावी म्हणून टेकाड चढावे लागे. भावंडे दोन असली तर मोबाइल प्रथम कोणाच्या हाती जाई, हे सांगावयास नकोच. मुलगी भांडी घासून येईपर्यंत बॅटरी उतरलेली असे. हा शेवटचा दोष सरकारचा नव्हे, आपला आहे, तो आपण कबूल केला पाहिजे.

२० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तो प्रयत्न प्रामाणिक होता. कित्येक गुरुजी व बाई तर तोंडाला मुखपट्टी बांधून वाडीवाडीवर गेले, अंगणात व झाडाखाली मुले जमवून शिकविले; त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु पुढील वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडविले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तोच प्रकार घडला. जेथे घरेच राहिली नाहीत, तेथे मोबाइल कोठून राहणार?

आता कोणी म्हणेल की ही सारी साधनांची अडचण झाली. मोबाइल दिला, वीज दिली, रेंज दिली की प्रश्न मिटला. आमच्या मते तो मिटत नाही. सहा वर्षांचे मूल कसे शिकते ते पाहा. ते अक्षर उलटे काढते, तेव्हा शिक्षक त्याचे बोट धरून ते सुलटे गिरवून घेतो. 'ट'च्या जागी 'ठ' म्हणते, तेव्हा कान देऊन ऐकणारा कोणी समोर असावा लागतो. पडद्यास कान नाहीत. म्हणून पडद्यावरचा धडा अखेरीस सांगतो, 'हे आईला विचारा, हे बाबांना दाखवा.' ज्या घरी आई पदवीधर आहे, त्या घरी तिने शिक्षकाची जागा भरून काढली. ज्या घरी आईची शाळा चौथीत सुटली आणि जी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात आवणी करून आली, त्या घरी ते वाक्य हवेत विरले. तेव्हा पडद्यावरची शाळा ही वस्तुतः आईबापांची शाळा आहे. ज्याचे आईबाप शिकलेले, त्याचे मूल शिकेल. जन्मावर माणसाचे भवितव्य ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली; तीच अशा रीतीने मागील दाराने घरात येऊ पाहते, आणि तेही अत्याधुनिक पोशाखात!

देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती, २०२२ च्या 'असर' पाहणीत ती २०.५ वर आली. पूर्वीची स्थिती काही अभिमानाची नव्हती, हेही त्यावरून दिसते. परंतु जे थोडे हाती होते तेही गळाले.

आमच्या धंद्यातलीच गोष्ट सांगतो. त्या काळात न्यायालयांची कामेही पडद्यावरून चालली. चाळिशी उलटलेले वकील, कायद्याची पदवी घेतलेले, 'साहेब, आवाज येत नाही' एवढेच बोलत तासन् तास बसलेले आम्ही पाहिले आहेत. ज्यांना हे साधले नाही त्यांनी पहिलीच्या पोराकडून ते अपेक्षावे, ही मौजच म्हणावयाची. मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणास मोबाइल हे ग्रंथालय आहे, आणि ते त्याने अवश्य वापरावे.

कायदा काय म्हणतो? २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी केलेला २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. त्यात पहिली ते पाचवीस वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसास चार तास. उलट, जुलै २०२० च्या केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलांस पडद्यासमोर दिवसातून तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका बसवावयाच्या होत्या. म्हणजे फार तर दीड तास. बालकांच्या डोळ्यांसाठी ही मर्यादा योग्यच होती. परंतु मग चार तासांचे देणे दीड तासात फिटले असे कोणी म्हणू नये. शिवाय अधिनियमाने दिलेला हक्क हा 'शेजारच्या शाळेचा' आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर जेथे दरडींचा, पुराचा धोका आहे व रस्ते नाहीत, तेथे अंतराची मर्यादा कमी करून शाळा जवळ द्यावी असे सांगितले आहे. हा नियम वाचताना कुडपणसारखी गावे डोळ्यांपुढे येतात.

आणि नेमकी हीच शाळा आज धोक्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. डोंगरातल्या वाडीवर वीस मुले कोठून आणावयाची? 'गाडी देऊ, आणि पावसात गाडी आली नाही तर मुले ऑनलाइन शिकतील,' असे कोणी सुचविले तर २०२० आणि २०२१ चे पावसाळे त्याच्यापुढे ठेवा.

कागदावर खुले आणि हातास बंद, हा अनुभव महाडकरांना नवा नाही. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही होत्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्यातली ओंजळ आपल्या कोणाच्या मुखी लागली नव्हती.

यास्तव आपणांस काही गोष्टी करावयाच्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या सभासद स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा असतात. तेथे आपल्या भगिनींनी बसावे. त्यासाठी पदवी लागत नाही. बौद्ध झाल्यामुळे हा दर्जा गेला, असे नवदीक्षित कुटुंबांस कोणी सांगितले तर ऐकू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांस तो राखून दिलेला आहे. संध्याकाळी विहारात एक तास लहान मुलांस मोठ्याने वाचावयास बसवावे, आणि वाडीतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आळीपाळीने त्यांचे ऐकावे.

शाळा बंद होण्याची, अथवा शिक्षक काढून केवळ दूरचित्रवाणी संच ठेवण्याची भाषा निघाली, तर तोंडी गाऱ्हाणे पुरेसे नाही. अधिनियमाच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्जात मुलांची नावे, वये आणि वाडीपासून दुसऱ्या शाळेपर्यंतचे अंतर पायवाटेने मोजून लिहावे. वाटेत ओढा असल्यास तो पावसाळ्यात किती दिवस ओलांडता येत नाही तेही लिहावे. अर्जाची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवावी व तीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये.