हेडफोन घेताना : आधी कान, मग किंमत

मैत्रिणींनो, आमच्या अहिल्यानगरच्या कापडबाजारात साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, पोत चाचपतो, भाव करतो. हेडफोन मात्र रंग आणि किंमत पाहून पटकन उचलतो! खरं तर ही कानाशी गाठ आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढंच ठरवा : कोण, काय आणि कुठे ऐकणार?

मुलांच्या अभ्यासासाठी तारेचा, कानावर बसणाऱ्या मऊ गाद्यांचा हेडफोन बरा. चार्जिंगची कटकट नाही आणि हरवतही नाही. आधी फोनचं भोक बघा. जुनं गोल आहे की टाइप-सी, त्याप्रमाणे पिन घ्या. थोड्या पैशांत बिनतारीपेक्षा तारेचाच आवाज सहसा चांगला मिळतो, कारण बिनतारीत बॅटरीचाही खर्च असतो आणि ती दोन-तीन वर्षांत दमते.

स्वयंपाकघरात लोंबती तार नको. शेगडीजवळ ती धोक्याची. गळ्यात अडकवायचा बिनतारी नेकबँड घ्या आणि एकाच कानात लावा. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, तर दुसरा कान मोकळा हवाच! फोनवर एफ.एम. ऐकायचं असेल तर मात्र तारेचाच लागतो, कारण ती तारच एरियलचं काम करते. तो निवांत बसून ऐकावा.

रोज नगर-पुणे एस.टी.ने जाणाऱ्यांनी रबरी बोळ्यांचा, कानात घट्ट बसणारा घ्यावा. सोबत लहान-मोठे बोळे मिळतात, ते लावून बघावेत. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. 'नॉइज कॅन्सलिंग'वाला महाग पडतो. त्यानं इंजिनाची घरघर कमी होते, शेजारणीच्या गप्पा नव्हे! पैसे बेताचे असतील तर नीट बसणारे बोळेही पुष्कळ काम करतात. रस्ता ओलांडताना मात्र तो काढून ठेवावा.

आता महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्यांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांहून जास्त ऐकू नये; मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. ९० डेसिबलला तर आठवड्यात अवघे ४ तास! आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आतच ठेवा. कानात गुणगुण होऊ लागली, किंवा सासूबाई टी.व्ही.चा आवाज रोज वाढवू लागल्या, तर नवा हेडफोन आणू नका. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी करा. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे.

दुकानात तो पाच-दहा मिनिटं लावून बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. बातम्याही ऐका नि गाणंही. पिनेपाशी तार हलवून खरखर येते का ते पाहा. बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या.

घरी रबरी बोळे अधूनमधून काढून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवूनच लावावेत. आणि एकाचे दुसऱ्यानं वापरू नयेत, अगदी सख्ख्या भावंडांनीसुद्धा!