शुभ्र पक्ष्यांचे छायाचित्रण
उजनी जलाशयाकाठी भिगवणला घेतलेल्या पुष्कळ छायाचित्रांत उडता बगळा चुन्याच्या ठिपक्यासारखा उमटतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने करडेच आहे असे गृहीत धरतो. मागे गर्द झाडी आली की तो प्रकाश वाढवितो आणि पिसांची नाजूक घडण पार पुसली जाते. ती मागाहून परत आणता येत नाही. मागे उजळ आकाश आले की तोच बगळा काळवंडतो. वस्तुतः बगळ्यावरील ऊन तेवढेच! तेव्हा मापकावर न विसंबता प्रमाण आपणच ठरवावे. लख्ख उन्हात आयएसओ ४००, छिद्र एफ/८ व १/३२०० सेकंद हे आमच्या मते बरे. कोवळ्या उन्हात वेळ दुप्पट करावा. झाडी काळी पडली तर खुशाल पडू द्यावी.