इंडी कुणाचं? जलशाच्या वारसदारांचा सवाल

‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र संगीत. सिनेमाच्या आणि बड्या कंपनीच्या आश्रयाशिवाय केलेलं. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, पैसाही स्वतःच्या खिशातला. ही व्याख्या आम्हाला मान्य आहे. अडचण एवढीच, की ती खरोखर मान्य केली तर महाराष्ट्रातल्या इंडी संगीताचा इतिहास नव्यानं लिहावा लागतो.

प्रचलित इतिहास इंग्रजी कॉलेजांच्या रॉक बँडपासून सुरू होतो आणि २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’सारख्या महोत्सवांत त्याचा कळस होतो. नाव महामार्गाचं. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीहून निघायचा आणि आपल्या नागपुरातून कन्याकुमारीला जायचा. नागपूरच्या वस्त्यांचं गाणं मात्र त्या इतिहासात शोधून सापडत नाही.

आमचा इतिहास वेगळा आहे. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. ना प्रायोजक, ना तिकीटखिडकी. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये याच नागपुरात, मंचावर असतानाच कोसळले. कव्वाली, पोवाडा, लोकगीत, सिनेमाची चाल, जे हाताला लागलं ते या माणसांनी आपलं करून घेतलं. स्वतंत्र संगीत याहून वेगळं काय असतं?

आणि स्वातंत्र्याची किंमत? इंडी बँडनं व्यवस्थेविरुद्ध गाणं केलं तर फार फार तर पुढचा शो मिळत नाही. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. इथं डफ हातात घेतला की तुरुंगाचं दार दिसतं. तरी त्यांना म्हणायचं ‘प्रचारक’ आणि प्रेमभंगावर गिटार वाजवणाऱ्याला म्हणायचं ‘स्वतंत्र कलावंत’! समाजशास्त्रात बोर्द्यूनं याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. आपल्याकडे त्या भांडवलाला जात असते, एवढीच भर आम्ही घालू.

यावर उत्तर येतं, ‘चांगलं करा, आम्ही घेऊ.’ २०२१ पाहा. तमिळ रॅपर अरिवूनं आपल्या आजीच्या, चहाच्या मळ्यात राबलेल्या पिढीच्या आठवणींतून ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिलं. गाणं जगभर गेलं. पण ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर त्याचे सहकलाकार झळकले, अरिवू नाही. पा. रंजित यांनी जाहीरपणे जाब विचारला, ओरड झाली, मग त्याचं वेगळं मुखपृष्ठ आलं. म्हणजे गाणं घेतात. माणूस घ्यायला ओरड करावी लागते.

हा प्रकार रॉकला नवा नाही. ‘हाउंड डॉग’ हे गाणं १९५२ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं ते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनं. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीनं ते गायलं आणि जगानं ते त्याच्या नावावर चढवलं.

म्हणूनच आपल्या घरातल्या एका आक्षेपालाही उत्तर दिलं पाहिजे. आपलेच काही ज्येष्ठ म्हणतात, ‘रॉक-बिक हे परक्यांचं, आपलं नव्हे.’ दादा, रॉक कुणाचं? सिस्टर रोझेटा थार्पनं इलेक्ट्रिक गिटार छातीशी धरली तेव्हा एल्विस शाळकरी पोर होता. चक बेरी कोण होता? गुलामांच्या नातवंडांनी घडवलेलं वाद्यसंगीत आपल्याला परकं कसं? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नातं सांगितलं. १९७२ मध्ये पँथरनं नावच तिकडून घेतलं. नाव चालतं, मग गिटार का चालत नाही? कव्वाली तरी आपल्या आजोबांच्या घरात जन्मली होती का? तरी विदर्भात रात्र रात्र जागवली तिनंच.

ज्यांनी हे ओळखलं त्यांचं काम ऐका. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’नं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर बुद्ध-भीम गायला. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ पहिल्यांदा मंचावर आलं. ज्या पराईला मयताचं, अस्पृश्याचं वाद्य म्हणून हिणवलं, ती गिटारच्या बरोबरीनं उभी राहिली. वस्तीतला गाना आणि रॅप एकाच गाण्यात आले. आरक्षणावर गाणं, गोमांसावर गाणं. तमिळ कळत नसलं तरी पराईचा ठोका कळतो, कारण आपल्या हलगीचाही इतिहास तोच आहे. बँडचं नावही अयोथी दास यांच्या विचारातून आलं. हे तमिळ बौद्ध विचारवंत बाबासाहेबांच्या कितीतरी आधी बुद्धाकडे वळले होते. इकडे अमरावतीचा विपिन तातड आपल्या बोलीत रॅप करतो. आपल्यात प्रतिभा कमी आहे हे कुणी सांगू नये.

कमी काय आहे, ते आता आपल्यालाच सांगतो.

आपण भीमगीत फुकट मागतो. परक्या बँडच्या शोसाठी पुणे-मुंबईचं रेल्वेभाडं, तिकीट, राहणं, सगळा खर्च आनंदानं करणारा आपलाच नोकरदार तरुण इंदोऱ्यातल्या गायकाला ‘समाजाचं काम आहे’ म्हणून शाल-श्रीफळावर घरी पाठवतो. गाणं पाठ असतं. गीतकाराचं नाव विचारलं तर दहातले आठ गप्प. कॅसेटच्या जमान्यात गाणं घराघरात गेलं, पण लिहिणाऱ्याचं नाव वेष्टनावरच्या बारीक अक्षरात हरवलं. आता मोबाइलवर ती बारीक अक्षरंही उरलेली नाहीत. नाव पुसण्याबद्दल ‘रोलिंग स्टोन’ला जाब विचारायचा तर आधी आपल्या मंडळाच्या बॅनरवर गीतकाराचं नाव हवं.

डीजेबद्दलही बोलू. १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात पोरं नाचतात, त्यावर नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या रस्त्यावर आपल्या आजोबांना मान वर करून चालता येत नव्हतं, तिथं नाचणं हा हक्क आहे. इतरांच्या मिरवणुकीत कानात बोळे घालून गप्प बसणाऱ्यांनी आम्हाला ध्वनिप्रदूषण शिकवू नये. पण पोरांनो, डीजे भाड्याचा असतो. रात्र संपली की भिंतीएवढे स्पीकर मालक घेऊन जातो, आणि आपल्या हाती ना नवं गाणं उरतं, ना नवा गायक. स्थानिक नगरसेवकानं भाडं दिलं असेल तर बॅनरवर त्याचा फोटो मात्र उरतो. याला स्वतंत्र संगीत म्हणता येणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जयंती मंडळानं डीजेच्या खर्चातला एक हिस्सा काढून दर वर्षी एक नवं गाणं ध्वनिमुद्रित करावं. गीतकार, संगीतकार, वादक, सगळ्यांची नावं आणि मानधन ठरवून. चार-पाच वस्त्या एकत्र आल्या की वर्षाला एक अल्बम होतो. सुरेश भट सभागृहासारख्या ठिकाणी वर्षातून एक तरी तिकीट लावून कार्यक्रम व्हावा, जलसा, कव्वाली, रॅप आणि रॉक एकाच मंचावर, आणि तिकीट आपणच विकत घ्यावं, पास मागू नये. घराघरांतल्या जुन्या कॅसेटी भंगारात जाण्याआधी त्यांचं डिजिटल जतन व्हावं. हे काम कॉलेजातली पोरं एका उन्हाळ्यात सुरू करू शकतात. आणि मुलींच्या हाती माइकच नको, गिटार आणि ड्रमही द्या.

पुढची १४ एप्रिल फार लांब नाही. आपल्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय मांडा, आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

जय भीम!