संगणकातही कोठीची खोली वेगळी हवी!

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून कोठीतलं धान्य कुणी फेकत नाही. संगणकाचंही तसंच ठेवावं. उबुंटू बसवताना ५०० जीबीच्या डिस्कचे तीनच भाग करा: संगणक सुरू होण्यासाठी ‘ईएफआय’ १ जीबी, प्रणालीसाठी ‘रूट’ ६० जीबी आणि उरलेली सारी जागा ‘होम’ला. मुलांचे फोटो, घरखर्चाचे हिशेब ‘होम’मध्येच राहतात. पुढे प्रणाली बिघडली, तर ‘रूट’ पुसून ती नव्याने बसवता येते. ‘होम’पुढे फॉरमॅटची खूण तेवढी करू नका. जास्त भाग पाडाल, तर एक भरून वाहतो नि दुसरा रिकामा राहतो. आणि बरं का, भाग पाडण्याआधीच फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. डिस्कच बिघडली तर सगळेच भाग जातात!